दादासाठी निवासी संस्था बघतोय. चांगली कशी ओळखायची?

मनीषा_क (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते. हा प्रश्न नातेवाइकांत काढायची सोय नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझा मोठा भाऊ ४१ वर्षांचा आहे. डाऊन सिंड्रोम. आपल्या हातानं जेवतो, बादली भरून दिली की आंघोळ करतो, मेथी निवडायला बसला की एक काडी राहू देत नाही. दाढी आणि नखं आई करते. आई ७३ ची, दोन्ही गुडघे कामातून गेलेत. बाबा रेल्वेत होते, ते आता नाहीत. मी ठाण्यात, दोन खोल्या, नोकरी, त्यात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दादा माझ्याकडे येतो, रमतो आणि दोन दिवसांनी पिशवी भरून दाराशी उभा राहतो.

विषय आईनंच काढला. म्हणाली, मी हिंडतीफिरती आहे तोवर त्याला तिकडची सवय होऊ दे. मी गेल्यावर एका दिवसात त्याची आईही जाईल आणि घरही जाईल, ते नको.

पुण्याबाहेर एक जागा बघून आलो. साधा बंगला, १४ जण राहतात, सगळे अठराच्या पुढचे. फरशी चकाचक, भिंतीवर पणत्या आणि आकाशकंदील, मॅडम बोलायला गोड. आम्ही पोचलो तेव्हा सगळे गोलात बसून प्रार्थना म्हणत होते. महिना १८ हजार आणि दीड लाख अनामत. गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "नावं ठेवायला काही नव्हतं गं, पण मला कळलं काहीच नाही." माझंही तेच झालंय.

तर अशा छोट्या घरात काळजी नीट घेतात की नाही हे बाहेरच्या माणसानं ओळखायचं कसं? काय बघायचं, काय विचारायचं? "संस्थेत टाकू नका" हे सांगायला येणाऱ्यांना आधीच नमस्कार.

रानवेडा

शेवटचं वाक्य वाचून निम्मे प्रतिसाद माघारी फिरले असतील. ;) मला यातलं काही कळत नाही, वाचायला बसतोय.

गोदाकाठ

मनीषा, माझा मुलगा २९ वर्षांचा, स्वमग्न, बोलत नाही. आत्ता राहतोय ते दुसरं घर. पहिलं याहून कितीतरी देखणं होतं.

प्रार्थना, हस्तकला, फरशी हे पाहुण्यांसाठी असतं. वाईट अर्थानं नाही म्हणत, पाहुणे यायचे म्हटल्यावर आपणही अभ्रे बदलतोच. म्हणून न कळवता जा. रविवारी संध्याकाळी जा, नाहीतर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, सांभाळणाऱ्या निम्म्या मावश्या गावी गेलेल्या असतात तेव्हा. आणि गेल्यावर ऑफिसात चहा पीत बसू नका, न्हाणीघर दाखवा म्हणा.

दात घासायचे ब्रश बघा. माणसांइतके आहेत का, नावं आहेत का, सकाळी ओले आहेत का. मग कपाट. प्रत्येकाचा वेगळा खण आहे की गाठोड्यातून हाताला येईल तो शर्ट? पहिल्या घरातून माझा लेक सुट्टीला यायचा तो दुसऱ्याच कुणाच्या चड्डीत. विचारलं तर म्हणायचे, अहो धुतलेलीच असते. त्यांच्या लेखी प्रश्न तिथे मिटला.

आणि वजनाची वही मागा. दर महिन्याचं वजन लिहिलेलं असायलाच हवं. ज्याला बोलता येत नाही त्याची तक्रार काट्यावर दिसते. पहिल्या घरात अशी वहीच नव्हती. आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या काट्यावर तो पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत सात किलो उतरलेला निघाला.

चिंतामणी७४

न कळवता जा, न्हाणीघर उघडा, चड्ड्या तपासा. अहो, छापा घालायचाय का? ही माणसं तुटपुंज्या पगारावर जे करतात ते आपण स्वतःच्या आईबापांसाठीही करत नाही. एवढा अविश्वास असेल तर ठेवूच नका. मी एका संस्थेच्या विश्वस्त मंडळावर होतो. पालक वर्षभर फिरकायचे नाहीत आणि आले की पहिला प्रश्न, हा एवढा काळा कसा पडला.

गोदाकाठ

काका, काळा पडला तर मी विचारणारच. उन्हात खेळून पडला की उन्हात बसवून ठेवला म्हणून, एवढंच विचारेन. आणि महिन्याचे पैसे मोजल्यावर न्हाणीघर बघणं हा छापा कसा झाला?

उनाड पाखरू

मुलाला हॉस्टेलला घालताना आमच्या मातोश्रींनी रेक्टरच्या स्वयंपाकघरातला पोळीचा डबा उघडून बघितला होता. त्या काळात याला छापा म्हणत नव्हते, चौकशी म्हणत.

लेस्टरकर

मी इंग्लंडात सपोर्ट वर्कर आहे. सहा जणांचं घर, सगळे प्रौढ, बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता. इथे केअर क्वालिटी कमिशन नावाची सरकारी यंत्रणा आहे. ते येऊन पाच गोष्टी बघतात: माणूस सुरक्षित आहे का, दिलेल्या काळजीचा उपयोग होतोय का, वागवणं मायेचं आहे का, त्या त्या माणसाच्या गरजेप्रमाणे बदल होतात का, आणि कारभार नीट चालतो का. मग "आउटस्टँडिंग" पासून "इनॅडिक्वेट" पर्यंत चारांपैकी एक शेरा. अहवाल कुणालाही वाचता येतो. भारतातल्या पालकांना असा अहवाल वाचायला मिळाला तर मनीषाताईंचा अर्धा प्रश्न सुटेल.

पण अर्धाच. २०११ मध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात बीबीसीच्या पत्रकारानं लपवलेला कॅमेरा नेला. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांना मारणं, फरशीवर दाबून धरणं, गार पाण्याखाली घालणं, सगळं चित्रित झालं. ११ कर्मचाऱ्यांना शिक्षा झाली. तिथल्या एका नर्सनं त्याआधी याच कमिशनला कळवलं होतं, कुणी हललं नाही. त्यामुळे आमच्या प्रशिक्षणात आजही पहिल्या दिवशी ते प्रकरण शिकवतात.

माझ्या अनुभवात अहवालापेक्षा एक गोष्ट जास्त बोलते. कर्मचारी रहिवाशासमोर उभं राहून त्याच्याबद्दल बोलतो की त्याच्याशी बोलतो? "याला आज परत जुलाब झालेत" असं त्याच्याच डोक्यावरून दुसऱ्याला सांगणारा माणूस कितीही प्रेमळ असला तरी मला धडकी भरते.

चिंतामणी७४

म्हणजे यंत्रणा असूनही व्हायचं ते झालंच ना? मग माणसं चांगली बघा, एवढंच राहतं.

कोर्टकचेरी

काका, कागद पुरेसा नाही हे मान्य. पण कागदच नसेल तर पुढे बोलायचंही काही राहत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दिव्यांगांसाठी संस्था चालवायला नोंदणी प्रमाणपत्र लागतं. ते दर्शनी भागात लावलेलं असायला हवं. नुसती ट्रस्टची धर्मादाय नोंदणी म्हणजे ही नोंदणी नव्हे. पुष्कळ ठिकाणी धर्मादायचा कागद पुढे करतात आणि पालकांचं समाधान होतं. प्रमाणपत्रावरची मुदत संपलेली नाही ना, तेही वाचा.

दुसरं, मानसिक आजार आणि बौद्धिक अक्षमता या कायद्याला दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानसिक आजारासाठी २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे आणि त्याची नोंदणी वेगळी. एकाच बंगल्यात डाऊन सिंड्रोमचा माणूस, व्यसनमुक्तीला आलेला माणूस आणि विस्मरणाच्या आजी असं सगळं भरलेलं असेल तर तिथून निघा.

मारहाण, उपासमार, कोंडून ठेवणं असं काही दिसलं तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ७ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कुणीही कळवू शकतं. नातेवाईकच असावं लागतं असं नाही, शेजाऱ्यानं कळवलं तरी चालतं.

कळंबोलीचं प्रकरण आठवत असेल. २०११, पनवेलजवळ, गतिमंद मुलींच्या वसतिगृहातले अत्याचार. उच्च न्यायालयानं तेव्हा अशा संस्थांच्या कारभारात लक्ष घातलं होतं.

निमा

बहिणीबाबत शोधत असाल तर आणखी वेगळं बघावं लागतं. माझी बहीण ३५ ची, तीव्र अक्षमता. आम्ही तीन ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी फॉर्म भरायच्या आधीच बाई म्हणाल्या, पिशवी काढून घेतली असेल तर बरं, नाहीतर पाळीचं बघायला माणूस नाही. इतक्या सहज, जणू अक्कलदाढ काढायची.

१९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मुलींच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया पुण्याला ससूनमध्ये झाल्या, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला होता. आणि आमचा अनुभव त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलेला. सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये चंदीगडच्या एका प्रकरणात म्हटलंय की सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या बाईचा गर्भपात तिच्या संमतीशिवाय करता येणार नाही. म्हणजे तिला मत आहे हे न्यायालयाला मान्य आहे. फॉर्म देणाऱ्या बाईंना नव्हतं.

बायकांच्या बाजूला रात्री कोण असतं, ते विचारा. "आमचे काका अगदी देवमाणूस आहेत" हे उत्तर आलं की उठा.

सातारी_कंदी

धागाकर्तीचा नमस्कार पोचला, तरी लिहितो. आमच्या चुलत्यांना आम्ही शेवटपर्यंत घरी ठेवलं. एकत्र कुटुंब होतं, गडीमाणसं होती, कुणाला ओझं वाटलं नाही. हल्ली दोन खोल्यांत माणूस मावत नाही असं म्हणतात, पण मावत नाही ते मन.

निमा

तुमच्या चुलत्यांची आंघोळ कोण घालायचं?

सातारी_कंदी

आई आणि काकू.

निमा

त्यांना विचारलं होतं का कुणी?

फिजिओताई

तो विषय बाजूला ठेवून कामाचं लिहिते. मी आठवड्यातून एकदा अशा दोन घरांत जाते.

एक. जेवण कसं भरवतात ते डोळ्यांनी बघा. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर ताबा नसणं) असलेल्या किंवा गिळायला त्रास असलेल्या माणसाला आडवं ठेवून, मान मागे टाकून, चमच्यामागून चमचा कोंबला की अन्न श्वासनलिकेत जातं. त्यातून होणारा न्यूमोनिया या माणसांचा मोठा घात करतो. ताठ बसवून, घास गिळला का ते पाहून पुढचा घास. जेवणानंतर अर्धा तास बसतं ठेवायचं. एकच मावशी चार जणांना एका ताटातून भरवताना दिसली तर स्वयंपाक कितीही सुग्रास असो, ते घर नको.

दोन. बद्धकोष्ठ. हसू नका. न हिंडणारी माणसं, त्यात फिटची आणि मनोविकाराची औषधं, पाणी कमी कारण पाणी दिलं की परत न्यावं लागतं. शौचाची नोंद ठेवणारं घर सापडलं तर त्यांना माझा साष्टांग नमस्कार सांगा.

तीन, हे महत्त्वाचं. एखादा माणूस अचानक डोकं आपटायला लागला, चावायला लागला, तर चांगल्या घरात आधी दात, कान, पोट बघतात. दाढ दुखतेय हे सांगता येत नाही म्हणून तो आपटतोय. दुसऱ्या प्रकारच्या घरात डॉक्टरला फोन जातो आणि झोपेची गोळी वाढते. माणूस शांत होतो, दाढ किडत राहते. म्हणून एकच विचारा: गेल्या वर्षभरात कुणाची शांत करायची औषधं कमी झाली का? वाढलेली सगळीकडे सापडतील.

मनीषा, दादाबद्दल. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं फार सर्रास असतं आणि चाळिशीपासून अल्झायमर लवकर येण्याचा धोका असतो. त्याचं आत्ताचं सगळं लिहून ठेवा, व्हिडिओ काढा: काय काय करतो, किती शब्द बोलतो, जिना कसा उतरतो. उद्या संस्थेत गेल्यावर तो मेथी निवडेनासा झाला तर "तो असाच आहे" म्हणायला कुणाला जागा राहणार नाही. आणि जायच्या आधी थायरॉइड आणि कान तपासून घ्या.

मनीषा_क

हे कुणीच सांगितलं नव्हतं. थायरॉइड कधी तपासला होता तेही आईला आठवत नाहीये. नोंदवलं.

एक_बोटी

नमस्कार. मी ३४ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, व्हीलचेअर. बुद्धी ठीक आहे असं डॉक्टर म्हणतात, मित्रांचं मत वेगळं आहे. असल्याच एका घरात राहतो. उजव्या हाताच्या एका बोटानं टाइप करतो, त्यामुळे उशीर झाला. तोवर तुम्ही ब्रश, वजन, शौच, न्यूमोनिया सगळं संपवलंत. छान. आता राहणाऱ्याचं ऐका.

आमच्याकडे रात्रीचं जेवण पावणेसातला. का? दिवसाच्या मावशींची बस साडेसातला. आठला दिवे बंद. मी ३४ वर्षांचा माणूस, आयपीएलची दुसरी इनिंग पांघरुणात मोबाइल लपवून बघतो. मारहाण नाही, उपासमार नाही, घर स्वच्छ आहे. कुठलाही अधिकारी आला तर पैकीच्या पैकी मार्क देईल.

माझी मोजायची पद्धत सांगतो. एक, "लघवीला जायचंय" म्हटल्यापासून माणूस यायला किती वेळ लागतो. दोन, खुर्ची ढकलायच्या आधी मला सांगतात का. तीन, मी "नको" म्हटलं तर काय होतं. पोहे नको, भजनाला नको, आज आंघोळ नको. नको म्हणणाऱ्याला हट्टी म्हणतात का? तिथे राहणाऱ्या कुणालातरी बाजूला घेऊन विचारा की गेल्या आठवड्यात तू कशाला नको म्हणालास. उत्तर येईपर्यंत थांबा. आमच्यातल्या काहींना वेळ लागतो.

आणि हो, मनीषाताई, दादाला विचारलंत का? टोमणा नाही, खरंच विचारतोय.

रानवेडा

एक_बोटी, पावणेसातचं जेवण वाचून सुन्न झालो. म्हणजे भूक लागत असेल ना रात्री?

एक_बोटी

उशाखाली पार्ले-जी. हे इथे लिहिलेलं आमच्या मावशींना कळलं तर धागा उडवायला लागेल.

अधीक्षक_मामा

पावणेसातच्या जेवणावर मला बोलायलाच हवं, कारण मी तसलंच घर चालवतो. नऊ जण आहेत. आमचं जेवण सातला.

दिवसा दोन मावशी आणि एक दादा, रात्री एक माणूस. तीन पाळ्यांत दोन-दोन माणसं ठेवायची तर पगारच दीडपट होतात आणि ते पालकांच्या फीमध्येच येणार. सरकारी अनुदान आहे ते बहुतेक शाळांना आणि कर्मशाळांना. अठरा ओलांडलेल्यांच्या कायमच्या राहण्याला पैसे द्यायला फारसं कुणी पुढे येत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला बेवारस दिव्यांग मुलांना सांभाळणारे शंकरबाबा पापळकर वर्षानुवर्षं तेच तर मागताहेत, की बेवारस दिव्यांग मुलांना अठरानंतर बालगृहातून बाहेर काढू नका, तसा कायदा करा. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, कायदा अजून नाही.

माझी खरी डोकेदुखी माणसं टिकवणं ही आहे. मावशीला शिकवायला चार-सहा महिने जातात. कुणाला कुठल्या कुशीवर झोपवायचं, कुणाची फिट यायच्या आधी नजर कशी होते, हे पुस्तकात नसतं. ती तयार झाली की शहरातल्या ब्युरोवाल्याचा फोन येतो, एका आजीला सांभाळायचे जास्त पैसे. मी तिला काय तोंडानं थांबवू? म्हणून मनीषाताई, माझं ऐकाल तर मॅडमशी बोलू नका, मावशीशी बोला. किती वर्षं आहात, सुट्टी कधी मिळते, मागच्या महिन्याचा पगार झाला का. ज्या घरात मावशी दर दोन महिन्यांनी नवी, तिथे चांगली काळजी घेताच येत नाही, मन कितीही मोठं असलं तरी.

रात्रीच्या कुलपाचंही विचारा. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा साखळीनं बांधलेले पंचवीसहून जास्त मनोरुग्ण जागच्या जागी गेले. आमच्या लोखंडी दाराची किल्ली रात्रीच्या माणसाच्या कमरेला असते आणि दुसरी समोरच्या घरात. जिथे किल्ली संचालकांच्या घरी जाते तिथे माणूस ठेवू नका.

एक_बोटी, जेवणाची वेळ साडेसातवर नेता येते का बघतो. मावशीच्या बसचं काहीतरी करावं लागेल. वचन देत नाही.

एक_बोटी

मामा, तुमच्याकडे जागा आहे का? ;)

उनाड पाखरू

मामा, वाढदिवसांचं सांगा ना. आमच्या ऑफिसात सगळे वाढदिवस "संस्थेत" साजरे करायची टूम निघालीय.

अधीक्षक_मामा

दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. लोक येतात, केक कापतात, आमच्या मुलांना रांगेत बसवून फोटो काढतात, फळं वाटतात, जातात. एका रविवारी तीन वाढदिवस झाले. आमच्यातल्या चौघांना साखर आहे. नाही म्हणावं तर देणगी जाते, आणि त्या देणगीतूनच डायपर येतात. डायपरचा खर्च ऐकाल तर केक विसराल. म्हणून आता सांगतो, वाढदिवस करा, केकऐवजी डायपरचं खोकं आणा, फोटो नको. निम्मे लोक परत येत नाहीत. उरलेले मात्र खरंच येतात.

एक_बोटी

माझ्या मोबाइलमध्ये अनोळखी बर्थडे बॉयसोबतचे एवढे फोटो आहेत की निवडणुकीला उभा राहू शकतो.

चिंतामणी७४

फोटो काढले तर बिघडलं कुठे? मुलं खूश असतात, केक आवडतो त्यांना. सगळ्यातच खोट काढायची सवय लागलीय.

फिजिओताई

काका, चौघांना साखर आहे असं मामांनी वर लिहिलंय.

डोंबिवलीकर

पालकांनी मिळून काढलेल्या घरांबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. बदलापूरचं "आधार" पालकांनीच उभं केलं. आमच्या डोंबिवलीजवळ खोणीला "घरकुल" आहे, तेही अमेय पालक संघटनेचं. ज्यांची स्वतःची मुलं आत राहतात ते कारभारात असले की ब्रश ओला आहे का हे वेगळं तपासावं लागत नाही. पण पालक म्हातारे होतात आणि पुढची फळी भावंडांची, ती तुमच्यासारखी नोकरी-संसारात. ही अडचण सगळीकडे आहे.

म्हणून जिथे ठेवाल तिथे पालक सभा होते का विचारा. होत असेल तर इतर पालकांचे नंबर मागा. जी संस्था पालकांना एकमेकांशी बोलू देत नाही तिच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी असतं.

मनीषा_क

बऱ्याच दिवसांनी येतेय, मध्ये धावपळ होती. सगळ्यांचे आभार, चिंतामणीकाका तुमचेही.

रविवारी संध्याकाळी न कळवता त्या बंगल्यावर गेलो. मी आणि नवरा. फाटक उघडायला बराच वेळ लागला. मॅडम नव्हत्या. एकच मावशी, चौदा जण, टीव्ही चालू. कुणी ओरडत नव्हतं, कुणी रडत नव्हतं. सातला पाच कमी आणि जेवणं उरकलेली. (एक_बोटी, तुमची आठवण आली.) ब्रश होते, नावंही होती. वजनाची वही आहे, पण गेल्या मार्चनंतर कोरी. मावशी मोकळेपणानं बोलल्या. दोन वर्षं आहेत. पगार होतो, उशिरा होतो. औषधं कमी झालीत का विचारलं तर म्हणाल्या, "कमी कशाला करतील? झोपत नाहीत ना मग."

मग दुसरी एक जागा बघितली, नाशिककडची, अकरा जण. इमारत जुनी, भिंतींना ओल, आई सोबत असती तर तिनं नाक मुरडलं असतं. आम्ही गेलो तेव्हा तिथला एक जण रुसून गच्चीवर बसलेला आणि तिथले सांभाळणारे दादा लोक त्याला खालूनच सांगत होते, "बस, पण अंधार पडायच्या आत ये." फी थोडी कमी. रात्री दोन माणसं. नोंदणी प्रमाणपत्र आहे, नूतनीकरणाला टाकलंय म्हणाले, पोच दाखवली. मुख्य म्हणजे त्यांनी आम्हालाच प्रश्न विचारले: दादाला काय आवडतं, कशाला घाबरतो, रात्री उठतो का. पहिल्या ठिकाणी फक्त चेकचं विचारलं होतं.

दादाला विचारलं. "तिकडे राहशील?" तर म्हणाला, "आई?" मी म्हटलं, आई भेटायला येईल. त्यावर बराच विचार करून म्हणाला, "मेथी?" तिथे रोज भाजी असते असं सांगितलं. अजून हो म्हणालेला नाही, नाहीही नाही.

दोन शंका आहेत. बाबांच्या निवृत्तिवेतनाचं पुढे काय? आणि दुसऱ्या जागेवाले म्हणतात, पहिला महिना भेटायला येऊ नका, मन लागत नाही. हे बरोबर आहे का?

कोर्टकचेरी

बाबा रेल्वेत होते ना, मग आईच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन दादाला आयुष्यभर मिळू शकतं. पण आई आहेत तोवरच अपंगत्वाचं प्रमाणपत्र देऊन त्याचं नाव नोंदवून घ्या. नंतर करायला गेलात तर चपला झिजतील.

पालकत्वाचं: अठरानंतर आई आपोआप कायदेशीर पालक राहत नाही. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तिथे अर्ज करा. नेमणूक झाली की सहा महिन्यांत दादाच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, नंतर दरवर्षी हिशेब. संस्थेनं "पालकत्व आमच्याकडे द्या" म्हटलं तर घाई करू नका. काळजी घेणारा आणि काळजीवर लक्ष ठेवणारा एकच झाला की तक्रार करायची कुणाकडे? न्यासाची निरामय आरोग्य विमा योजनाही बघा, एक लाखापर्यंत, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही.

अधीक्षक_मामा

महिनाभर न भेटण्याचं आम्हीही सांगतो. त्यामागे कारण आहे. आई दिसली की माणूस पुन्हा पहिल्यापासून रडतो आणि आई गेल्यावर रात्र आम्हाला काढावी लागते.

गोदाकाठ

मामा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे पटत नाही. आमच्या पहिल्या घरानंही हेच सांगितलं होतं. महिन्याभरात अंगावरचे वळ बरे होतात. रडायचा तो रडेल, पण त्याला काय झालंय हे सांगता येत नसेल तर पहिल्याच महिन्यात कुणीतरी आपलं माणूस तिथे दिसलं पाहिजे.

लेस्टरकर

आम्ही उलट करतो. आधी चहाला, मग जेवायला, मग एक रात्र, मग शनिवार-रविवार. आई पहिल्या वेळी सोबत राहते. वेळ लागतो, पण माणसाला जागा आधी ओळखीची होते.

एक_बोटी

मला आणून सोडलं तेव्हा महिनाभर कुणी आलं नाही. मन लागलं. दुसरीकडे जायला जागा नव्हती, लागणार नाही तर काय करणार.

अधीक्षक_मामा

लेस्टरकर म्हणतात तसं करायला आमच्याकडे पाहुण्यांची खाटही नाही. पण गोदाकाठ, तुमचा मुद्दा खोडता येत नाही. मनीषाताई, त्यांना विचारून बघा, आईला पहिले दोन-तीन दिवस तिथेच राहू देतील का. भाज्या निवडायला दोन हात मिळतील त्यांना. नाही म्हणाले तर का नाही, ते विचारा.

मनीषा_क

उद्या फोन करते. थायरॉइडचा रिपोर्ट आला, टीएसएच वाढलेला आहे, म्हणजे थायरॉइड मंदावलाय, गोळी सुरू केली. डॉक्टर म्हणाले, हल्ली सुस्त वाटतो ते त्यामुळेही असेल. आम्हाला वाटत होतं वय झालं.

फिजिओताई

दीड-दोन महिन्यांनी परत तपासा. आणि ती गोळी सकाळी उपाशीपोटी देतात, हे संस्थेच्या वहीत स्वतःच्या हातानं लिहून या.